चार पाऊण तीन

नौपाडा, ठाणे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तुझा सातवीचा तास मागच्या बाकावर बसून पाहिला. त्याबद्दल स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर बोलावंसं वाटलं नाही, म्हणून हे पत्र.

भरती-ओहोटी शिकवत होतीस. चढा आवाज, मोठे हातवारे, दर दोन वाक्यांमागे "कळलं का?" ही लकब कुणाची ते मी ओळखलं. त्या बाईंचा वर्ग गाजतो, खरं आहे. पण त्यांचा आवाजच तसा आहे. तुझा घसा दहाव्या मिनिटाला बसला.

मग खिडकीजवळच्या त्या पोराने विचारलं, "टीचर, आज भरती किती वाजता?" तू पुस्तकात न बघता, तुझ्या नेहमीच्या बारीक आवाजात म्हणालीस, "तीनच्या थोडं पुढे. आज चतुर्थी ना." वर्ग एकदम गप्प. टीचरना हे कसं कळलं, हा प्रश्न पोरांच्या तोंडावर आला होता. आणि तू म्हणालीस, "चला, पान उलटा."

अगं, तुझा तास तिथे सुरू होत होता!

दिवा कोळीवाड्यातल्या घरात वाढलेली तू. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. चार पाऊण तीन. आजच्या मुलांना पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, येत नाही, तीही या निमित्ताने शिकव. मग त्यांना पेचात टाक. या हिशेबाने भरती रोज पाऊण तास पुढे जायला हवी, पुस्तक तर सुमारे पन्नास मिनिटं म्हणतं. पौर्णिमेला हिशेब सव्वाअकरा देतो, पाणी मात्र बाराच्या सुमारास चढतं. वरची मिनिटं कुठून आली? इथे चंद्र आपोआप वर्गात येतो. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करेपर्यंत तो पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला तिला थोडं जास्त फिरावं लागतं. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) हे शब्द पुस्तकात जाड ठशात आहेत, तुझ्या घरी ते रोजचे आहेत. मुलांना ते तुझ्या तोंडून कोरडे का ऐकू यावेत?

मीही पहिल्या वर्षी एका दराऱ्याच्या बाईंसारखा डस्टर टेबलावर आपटला होता. खडूची धूळ माझ्याच नाकात गेली, सात शिंका आल्या आणि वर्ग दोन दिवस हसत होता. मी मूळची गप्पिष्ट, भाजीवालीशी घासाघीस करण्यात रमणारी. पुढे अपूर्णांक मी जांभळी नाक्याच्या बाजारातून शिकवले, पावशेर आणि अर्धा किलोच्या हिशेबात. तेव्हा कुठे वर्ग हातात आला.

मात्र होडीच्या आणि निवट्यांच्या, म्हणजे खाडीच्या चिखलातल्या माशांच्या, गोष्टी वीस मिनिटं चालल्या तर तो तास राहत नाही, गप्पा होतात. तुझी गोष्ट पाच मिनिटांची, पुढचं डोकं मुलांनी चालवायचं. आणि बारीक आवाज हा तुझा स्वभाव असला तरी शेवटच्या बाकाला ऐकू जायलाच हवं. ओरडू नकोस, तिथे चालत जा. मागून बोललीस की पुढची पोरं मान वळवून ऐकतात, हे मी करून पाहिलं आहे. फळ्यावर तुझा हात सुरेख चालतो. चंद्र, पृथ्वी आणि फुगलेलं पाणी बोलत बोलत काढ, छापील तक्ता टांगू नकोस.

पाठाच्या टाचणात यातलं किती लिहायचं ते तू ठरव. तपासणाऱ्यांना रकाने भरलेले लागतात, ते भर.

सोमवारी पंचांग घेऊन जा. त्या पोराला तिथी शोधायला लाव आणि वेळ वर्गाला काढू दे. "तीनच्या थोडं पुढे" असं का म्हणालीस, तेही सांग. पाणी खाडीत आत शिरायला वेळ घेतं. ऐरोलीला ते किती मागे येतं, वडिलांना विचारून ठेव, कारण पोरं ते विचारणारच.

तुझी,
बाई