पॅन्ट्रीशेजारच्या टेबलाबद्दल, थोडं सविस्तर

तुम्ही लिहिलंय की नव्या ऑफिसात तुमचं टेबल पॅन्ट्री आणि मीटिंग रूम यांच्या मधोमध आलंय, डोक्यावर थेट एसीचा झोत आहे, दुपारी चारपर्यंत डोकं ठणकायला लागतं आणि ॲडमिनने "हेडफोन लावा" एवढंच उत्तर दिलं. वाचून राहवलं नाही, कारण जवळजवळ अशाच जागेवर बसून मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली आहेत, पुण्यातच. मी आर्किटेक्ट नाही, ध्वनीची तज्ज्ञही नाही. स्वतः भोगलेलं आणि नंतर वाचून पडताळलेलं तेवढंच सांगते. टेबल आवरणं, खुर्चीची उंची, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीवर आणणं हे तुम्ही केलंच असेल, त्यात शिरत नाही.

आधी एक गोष्ट. तक्रारीत "फार आवाज होतो" असं मोघम लिहू नका. आमचं सगळ्यात मोठं नुकसान तिथून सुरू झालं. इमारतीची देखभाल बघणारा जो विभाग होता (नाव घेत नाही), त्याच्याकडे आम्ही सगळ्यांनी मिळून आवाजाची तक्रार केली. तक्रारीचं तिकीट उघडायचं आणि कोणी येऊन बघण्याआधीच "निराकरण झाले" म्हणून बंद व्हायचं. पुन्हा उघडलं की पुन्हा तेच. शेवटी मोजणी करायला माणूस पाठवला, तो सुट्टीच्या शनिवारी. मजल्यावर कोणी नसताना, पॅन्ट्री बंद असताना आकडा घेतला आणि अहवालात लिहिलं की व्यापारी भागासाठी दिवसा 65 डेसिबलची मर्यादा आहे, तुमचं त्याच्या कितीतरी खाली आहे.

ही 65 ची मर्यादा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली आहे. ती बाहेरच्या परिसरातल्या आवाजासाठी आहे, रस्ता, लाउडस्पीकर, बांधकाम अशा गोष्टींसाठी. चार भिंतींच्या आत बसून कोणाला आकडेमोड करता येते की नाही, याच्याशी तिचा संबंध नाही. पण अहवालावर शिक्का होता, आणि त्यानंतर आमच्या प्रत्येक मेलला तोच अहवाल जोडून परत यायचा. कंपनी म्हणायची जागामालकाला सांगा, जागामालक म्हणायचा आतली मांडणी भाडेकरूची. या टोलवाटोलवीत आमच्यातली एक फार चांगली सहकारी कंटाळून नोकरी सोडून गेली. तिच्याइतकं नेटकं काम करणारं माणूस आम्हाला पुन्हा मिळालं नाही. याचा मला अजूनही राग आहे.

डेसिबलचा आकडा कितीही असो, खुल्या ऑफिसात माणूस दमतो तो कळणाऱ्या बोलण्याने. एसीची घरघर काही वेळाने मेंदू बाजूला टाकतो. शेजारचा फोनवर "अहो पण इन्व्हॉइस तर गेलंय ना" म्हणाला की तुमची बेरीज तिथेच तुटते, कारण शब्द कळतात. खुल्या ऑफिसांतल्या आवाजाच्या मोजणीसाठी 2012 मध्ये आयएसओ 3382 या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा भाग आला, तो हेच धरून चालतो. बोलणं किती स्पष्ट कळतं, याचा 0 ते 1 असा निर्देशांक आहे. बोलणाऱ्यापासून किती अंतरावर तो 0.50 च्या खाली येतो, ते त्यात मोजतात. अंतर जितकं कमी, तितकी जागा शांत. तुमच्या ॲडमिनला हे दाखवा, आणि मोजणी होणार असेल तर ती कामाच्या दिवशी, तुमच्यासमोर व्हावी हे आधीच लेखी मागा.

मग मागायचं काय? माझं मत ठाम आहे, कोणाला पटणार नाही कदाचित. शांतता मागू नका, वस्तू हलवून मागा. पॅन्ट्रीच्या दाराला डोअर क्लोजर आणि कडेने रबराची पट्टी. फोनवर काम करणारी मंडळी मजल्याच्या एका टोकाला, आकडे आणि लिखाण करणारी दुसऱ्या टोकाला. आमच्याकडे शेवटी उपयोग झाला तो या बदलाचा, तोही देखभाल विभागाने नाही, आमच्या विभागप्रमुखांनी एका दुपारी टेबलं हलवून घेतली म्हणून. खर्च जवळजवळ शून्य. वरिष्ठ म्हणाले की खुल्या मांडणीने माणसं एकमेकांशी बोलतात, तर हार्वर्डच्या दोन संशोधकांचा 2018 चा अभ्यास सांगा: दोन कंपन्यांनी भिंती काढल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि मेल-मेसेज वाढले.

हेडफोन अधूनमधून ठीक, पण दिवसभर नाही, कान दुखतात. लावलेच तर शब्दांची गाणी नकोत, कळणारे शब्द तिथेही काम तोडतात. मी तानपुरा लावते, हळू आवाजात. स्थिर, शब्द नसलेला.

एसीबद्दल. 2020 पासून स्टार लेबलच्या रूम एसींना 24 अंश हे डिफॉल्ट सक्तीचं आहे, तेवढा आधार चर्चेत पुरतो. मात्र तुमचा त्रास तापमानापेक्षा झोताचा दिसतो. ग्रिलच्या पात्या वळवून द्या म्हणा, दहा मिनिटांचं काम आहे. पुठ्ठा किंवा टेप स्वतः चिकटवू नका, गार पत्र्यावर पाणी साचून खाली ठिबकतं.

डोकेदुखीचं दुसरं कारण दिवेही असू शकतात. मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर दिवा लुकलुकतोय, त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) बदलायला सांगा. टेबलावर 300 ते 500 लक्स (उजेड मोजायचं एकक) पुरतात. खिडकी स्क्रीनच्या समोर किंवा मागे नको, बाजूला हवी. तरीही डोकेदुखी टिकली तर डोळे तपासून घ्या, हे माझ्या अंदाजावर सोडू नका.

झाडं जरूर ठेवा, मनी प्लांट कमी उजेडातही तगतो आणि नजरेला बरं वाटतं. दोन कुंड्यांनी हवा शुद्ध होते यावर मात्र विसंबू नका. 1989 चा नासाचा तो प्रसिद्ध प्रयोग बंद पेट्यांमध्ये झाला होता, ऑफिसात नाही. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो.

आता तुमच्याकडून एक हवंय. मीटिंग रूमची भिंत वर खऱ्या स्लॅबपर्यंत गेलीय की फॉल्स सीलिंगपाशी थांबलीय, ते टाइल उचलणाऱ्या माणसाला विचारून इथे कळवा. थांबली असेल तर आवाज दारातून कमी आणि वरून जास्त येतोय, आणि मग दाराची पट्टी मागण्याआधी वरची फट भरून मागावी लागेल.