तालुक्याचे कॉलेज, अमेरिकेतले

प्रश्न : माझे पती डॉक्टर आहेत. त्यांना जे-१ व्हिसाच्या (शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतण्याच्या) अटीतून सूट मिळाली, ती डॉक्टरांची वानवा असलेल्या ग्रामीण भागात तीन वर्षे काम करण्याच्या बोलीवर. म्हणून आम्ही उत्तर कॅलिफोर्नियातील डोंगराळ भागातल्या एका लहान गावी आलो आणि ती मुदत संपल्यावरही इथेच राहिलो. ते एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मी आणि मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, आणि ग्रीन कार्डाचा अर्ज भारतीयांच्या लांबलचक रांगेत अडकलेला आहे. मुलगी या जूनमध्ये बारावी पूर्ण करील; नोव्हेंबरात तिला अठरा वर्षे पूर्ण होतील. तिला जीवशास्त्राची पदवी घ्यायची आहे, मात्र पहिली दोन वर्षे घरी राहून गावच्या कम्युनिटी कॉलेजात आणि त्यानंतरची दोन यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) डेव्हिसला, असा तिचा हट्ट आहे. मी स्वतः तालुक्याच्या कॉलेजात शिकले आणि तिथे एका सूक्ष्मदर्शकामागे आम्ही आठ जणी रांगेत उभ्या असायचो. मुलीच्या वाट्याला पुन्हा तेच का यावे, असे वाटते. पतींना वेगळीच भीती आहे : पदवीवर या लहान कॉलेजाचा शिक्का कायमचा राहील. आम्ही तिला अडवावे का?
— एक आई, उत्तर कॅलिफोर्निया

उत्तर : अडवू नये, असे माझे मत आहे. मात्र तिच्या बेतात एक कच्चा दुवा आहे, तो आपल्या दोघांच्याही भीतीत आलेला नाही, आणि त्याकडे दुर्लक्ष झाले तर हा स्वस्त बेत फार महाग पडेल.

आधी पतींच्या शंकेविषयी. आपल्याकडे तालुक्याचे कॉलेज एखाद्या विद्यापीठाला संलग्न असते. अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची आणि पदवीही विद्यापीठाचीच, त्यामुळे कराडच्या आणि कोल्हापूरच्या मुलीच्या प्रमाणपत्रावर नाव एकच येते. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज कोणाला संलग्न नसते. ते स्वतःची दोन वर्षांची असोसिएट पदवी देते, आणि पुढच्या विद्यापीठाशी त्याचे नाते विषयवार जुळवलेले असते : या कॉलेजातला हा विषय म्हणजे त्या विद्यापीठातला तो विषय, असे करार असतात. कॅलिफोर्नियात हे सारे करार ‘असिस्ट’ नावाच्या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मुलगी डेव्हिसमधून उत्तीर्ण झाली की तिची पदवी डेव्हिसचीच असेल, पहिल्या वर्षापासून तिथे शिकलेल्या मुलांना मिळते तीच. कॉलेजचे नाव गुणपत्रकांत राहील आणि ते दडवण्याचे काही कारण नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ‘कुठे असते हो मुलगी?’ या प्रश्नाला दोन वर्षे लहान उत्तर द्यावे लागेल, एवढाच काय तो तोटा, आणि तो मुलीला नसून आपल्याला आहे.

सूक्ष्मदर्शकाचे म्हणाल, तर इथे चित्र बहुधा उलटे दिसेल. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राला शेकडो मुले एका सभागृहात बसतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्याकडे लक्ष देतात ते संशोधन करणारे विद्यार्थी. ग्रामीण कॉलेजात वर्गात वीस-पंचवीस मुले असतात आणि प्रयोगशाळेतही तीच प्राध्यापिका उभी असते, जिचे काम शिकवणे हेच आहे. आपल्याच भागातले क्विन्सी गावचे फेदर रिव्हर कॉलेज पाहा. ज्या प्लुमास काउंटीत २०२१ साली डिक्सी वणव्याने ग्रीनव्हिल हे गाव जवळजवळ संपूर्ण जाळले आणि आसपासच्या परगण्यांसह साडेनऊ लाखांहून अधिक एकर रान होरपळले, त्याच काउंटीतले हे कॉलेज. तिथे आवारातच माशांचे पैदास केंद्र आहे, आणि परिसंस्थेचे पुनरुज्जीवन व वणव्यांचे व्यवस्थापन या विषयात चार वर्षांची पदवीसुद्धा मिळते, जी कम्युनिटी कॉलेजांत एरवी विरळाच. जीवशास्त्र शिकू पाहणाऱ्या मुलीला भोवतालचे जंगल, नदी आणि जळालेला डोंगर हीच प्रयोगशाळा मिळणार असेल, तर ती संधी शहरातल्या मुलांना हेवा वाटावा अशी आहे.

आता कच्चा दुवा. कॉलेज लहान असते तेव्हा प्रत्येक विषय प्रत्येक सत्रात शिकवला जात नाही. काही विषय वर्षातून एकदा, काही वर्षाआड, आणि पुरेशी नावे आली नाहीत तर जाहीर झालेला वर्गही रद्द होतो. मी अशाच एका कॉलेजात बरीच वर्षे गणित शिकवले. एका वर्षी कॅल्क्युलसच्या तिसऱ्या भागाला सहाच नावे आली, सत्र सुरू होण्याच्या आठवड्यात वर्ग रद्द झाला, आणि त्या सहापैकी तिघांचे ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या विद्यापीठात जाणे, एक वर्ष लांबले. जीवशास्त्रात हा धोका रसायनशास्त्राच्या वाटेने येतो. सामान्य रसायनशास्त्राची दोन सत्रे झाल्याशिवाय सेंद्रिय रसायनशास्त्र घेता येत नाही, आणि सामान्य रसायनशास्त्रालाही बीजगणिताची पूर्वअट असते. म्हणजे पहिल्या ऑगस्टमध्ये रसायनशास्त्राचा वर्ग हुकला की पुढची सारी साखळी सरकते, आणि दोन वर्षांची तीन होतात.

एरवी एक वर्ष जास्त लागले तर मी आपल्याला खुशाल थांबा म्हटले असते. आपल्या घरी मात्र एच-४ आहे, आणि तो व्हिसा मुलांना एकविसाव्या वाढदिवसापर्यंतच मिळतो. त्यानंतर ग्रीन कार्ड आले नसेल, तर तिला स्वतःचा एफ-१ विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल. कॅलिफोर्नियात एच-४ वरील विद्यार्थिनीला राज्याची रहिवासी म्हणून फी भरता येते. एफ-१ वर गेल्यावर ती साधारणपणे बाहेरची गणली जाते. गावच्या कॉलेजात रहिवाशांना युनिटमागे (श्रेयांकामागे) ४६ डॉलर, म्हणजे ३० युनिटांच्या वर्षाला १,३८० डॉलर पडतात. यूसीमध्ये रहिवाशांची फी वर्षाला सुमारे १५,००० डॉलर आहे, आणि बाहेरच्यांना त्याशिवाय ३०,००० डॉलरपेक्षा जास्त अधिभार द्यावा लागतो. आता तारखा मांडून पाहा. ती दोन वर्षांत ट्रान्सफर झाली, तर तिला एकवीस वर्षे पूर्ण होतील ती डेव्हिसच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला. तिला तीन वर्षे लागली, तर तोच नोव्हेंबर डेव्हिसच्या पहिल्याच वर्षात येईल आणि जवळजवळ दोन्ही वर्षांवर अधिभार बसेल. गावच्या कॉलेजातल्या एका रद्द वर्गाची किंमत अशी तीस हजार डॉलरांच्या घरात जाऊ शकते. व्हिसाबदलाविषयी इमिग्रेशनच्या वकिलाशी आताच बोलावे. विसाव्या वर्षी नव्हे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी मुलीने कॉलेजच्या काउन्सेलरकडे जावे आणि वेळापत्रक डेव्हिसपासून उलटे मांडून घ्यावे : जीवशास्त्राच्या ज्या शाखेत जायचे, तिला ‘असिस्ट’वर कोणते विषय लागतात, ते या कॉलेजात कोणत्या सत्रात असतात, आणि गेल्या तीन वर्षांत त्यांपैकी कोणता वर्ग रद्द झाला होता. शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नये. एखादा विषय तिथे नसेल, तर राज्यातील ११६ कम्युनिटी कॉलेजांपैकी दुसऱ्या एखाद्याचा तो ऑनलाइन घेता येतो, पण प्रयोगशाळेच्या विषयांत हा पर्याय क्वचितच मिळतो. गणितात काही उणे असेल, तर ते याच उन्हाळी सत्रात भरून काढावे. डेव्हिससह यूसीच्या सहा शाखांत ‘टॅग’ म्हणजे हमीचा प्रवेश मिळू शकतो; बर्कली, लॉस एंजेलिस आणि सान डिएगो त्यात नाहीत. टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरातच भरायचा असतो आणि तोवर साधारणतः ३० युनिटे झालेली असावी लागतात, याचा अर्थ निकाल ठरतो तो पहिल्या वर्षाच्या गुणांवर. घरी राहणारी मुले पहिले सत्र गांभीर्याने घेत नाहीत, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

एच-४ वर मुलीला नोकरी करता येत नाही आणि केंद्र सरकारची विद्यार्थी-मदतही मिळत नाही. घरी राहून होणारी बचत हीच तिची शिष्यवृत्ती समजा, आणि ती रक्कम त्या शेवटच्या वर्षासाठी वेगळी ठेवा.

प्रश्न : मुलगा सांगलीजवळ बारावी विज्ञान झाला आहे. एका एजंटाने कॅन्सासमधील लहान गावातले कम्युनिटी कॉलेज सुचवले आहे. फी कमी, हॉस्टेल आहे, नोकरी करून खर्च भागेल आणि दोन वर्षांनी संगणक क्षेत्रात तीन वर्षे काम करता येईल, असे तो सांगतो. माझी तयारी दोन वर्षांच्या खर्चाची आहे. पाठवावे का?
— एक वडील, जिल्हा सांगली

उत्तर : एवढ्या तयारीवर पाठवू नये. एजंटाच्या चार विधानांपैकी पहिली दोन खरी असू शकतात, उरलेली दोन नाहीत.

एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येते, तेही कॉलेजच्या आवारात. लहान कॉलेजात अशी कामे मोजकीच असतात आणि त्यांतून फी निघत नाही. गावातल्या पेट्रोल पंपावर किंवा हॉटेलात परवानगीशिवाय काम केले, तर व्हिसाच जातो. तीन वर्षांचे म्हणाल, तर शिक्षणानंतर कामाची परवानगी १२ महिन्यांची असते. तांत्रिक विषयांसाठी मिळणारी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ चार वर्षांच्या किंवा त्यावरील पदवीलाच लागू आहे, असोसिएट पदवीला नाही. ही पदवी घेऊन मुलगा परत आला, तर ती आपल्या बी.एस्सी.च्या बरोबरीची धरली जाणार नाही. म्हणजे उरलेली दोन वर्षे विद्यापीठात काढावीच लागतील, आणि खर्चाची खरी वर्षे तीच आहेत.

चारही वर्षांची तजवीज होत असेल, तर मात्र ग्रामीण कॉलेज हा वाईट मार्ग नाही, आणि मग कागदपत्रे बारकाईने पाहावीत. अमेरिकेत ‘एए’ व ‘एएस’ या असोसिएट पदव्या पुढे विद्यापीठात जाण्यासाठी आखलेल्या असतात; ‘एएएस’ ही थेट नोकरीसाठी असते आणि तिचे बरेचसे क्रेडिट विद्यापीठे मोजत नाहीत. एजंटाने यांपैकी कोणत्या पदवीत नाव घातले आहे, हे प्रवेशपत्रावर वाचावे. कॉलेजला परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यता आहे का आणि आय-२० हे पत्र थेट कॉलेजकडून येते का, तेही तपासावे.

हॉस्टेल हिवाळी सुट्टीत उघडे असते का, हे कॉलेजला स्वतः ई-मेल करून विचारा. पुष्कळ ठिकाणी ते डिसेंबरात बंद होते, गावात बस नसते, आणि अमेरिकन मुले आपापल्या घरी गेल्यावर सांगलीचा मुलगा त्या थंडीत कुठे राहणार, याचे उत्तर एजंटाकडे नसते.