अनोळखी माणसाचं देणं कसं फेडायचं?

“म्याडम, मले झोप येत नाही. एका बाईचं देणं राह्यलं हाय.”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लोकांच्या मनाच्या तक्रारी ऐकायला मी आठवड्यातून एकदा बसते. इकडे ‘देणं’ हा शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे पीककर्ज येतं, कृषी केंद्राची उधारी येते, सावकार येतो. मीही तेच समजले आणि विचारलं, “किती आहे?” ती म्हणाली, “पैशाचं नाही जी.”

तिच्या परवानगीनं आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहिते आहे, कारण हीच काळजी वेगवेगळ्या तोंडून मी बऱ्याचदा ऐकली आहे.

सप्टेंबरात तिचा नवरा कपाशीवर फवारणी करता करता वावरातच कोसळला. उलट्या, तोंडाला फेस. १०८च्या गाडीनं त्याला यवतमाळला नेलं. हिच्या अंगावर वावरातली साडी, पदराच्या गाठीला साठ रुपये. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात शेजारी एक म्हातारी बसलेली, तिचा मुलगा आत. पहिल्याच रात्री म्हातारीनं आपल्यातली अर्धी भाकर आणि चून, म्हणजे पिठलं, पुढे केलं आणि आपली वाकळ दोघींच्या अंगावर ओढली. चार दिवस असेच गेले. पाचव्या दिवशी पहाटे म्हातारीचा मुलगा गेला. त्याला घेऊन निघताना ती परत फिरली, वाकळ हिच्या खांद्यावर टाकली आणि गेली. नाव, गाव, फोन नंबर, काहीच नाही.

“तिचा पोरगा गेला, माहा माणूस वाचला. अन् मी तिची वाकय घेऊन घरी आली.”

वाकळ घरी पेटीत घडी करून ठेवलेली. ना धुतली, ना पांघरली.

झोप नाही, जेवण उतरत नाही, हे अडीच महिने चाललेलं. अशा वेळी मी आधी एक प्रश्न सरळ विचारते, तिलाही विचारला : “जीव द्यावा असं मनात येतं का?” विचारल्यानं तो विचार मनात शिरतो ही भीती खरी नाही. उलट बोलायला वाट मिळते. ती नाही म्हणाली. तसं कुणाच्या मनात येत असेल तर थांबू नये. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

पुढे मी एक चूक केली. तिला म्हटलं, “त्या माउलीला नाही देता येत, तर दुसऱ्या कुणाला द्या.” सल्ला सगळेच देतात, मीही दिला. ती महिन्यानं आली ती वही घेऊन. मागच्या बाजूला कपाशीचा खर्च, पुढच्या पानांवर नोंदी : बाजाराच्या दिवशी एकीला डबा, एसटी स्टँडवर एका पोराला तिकिटाचे पैसे, शेजारणीची कापूस वेचणी फुकट. खाली आकडा, अकरा. चेहरा पहिल्यापेक्षा ओढलेला.

“किती झाल्यावर फिटते, म्याडम?”

तिला कर्जाची भाषा येत होती. मी त्या भाषेत आणखी एक हप्ता बांधून दिला होता. हे मला फार लागलं.

मग मी वही बाजूला ठेवायला सांगितली आणि त्या चार रात्रींबद्दल विचारत राहिले. म्हातारी काय बोलायची? भाकर देताना काय म्हणाली? ती बराच वेळ आठवत बसली. मग म्हणाली, “म्हणे, जेव माय माह्यासंगं. एकटीले घास उतरत नाही.”

“म्हणजे तिलाही कुणी हवं होतं.”

“हाव,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा रडली. तिसऱ्या रात्री म्हातारीचे पाय हिनंच चेपले होते. मुलगा गेला तेव्हा तिला मिठीत धरणारीही हीच. हे तिनं वहीत कुठंच लिहिलं नव्हतं.

मदत घेणाऱ्याला वाटतं, आपण समोरच्यावर भार टाकला. शुआन झाओ आणि निकोलस एपली या मानसशास्त्रज्ञांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की मागणाऱ्याला वाटतं त्याहून देणारा जास्त आनंदानं देतो. माझा अनुभवही तोच आहे. देणं एकतर्फी होतं, असं मानल्यामुळेच ते आपल्याला चिरडतं.

शिवाय तिच्या त्या जड छातीत दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. एक, त्या पोराच्या मरणाचं दुःख. नवरा वाचल्यामुळे आपल्याला रडायचा हक्क नाही असं वाटून तिनं ते दाबलं होतं. दुसरी, म्हातारीचं काळीज पाहून आत आलेली ऊब. डोळे भरतात, छातीत गरम वाटतं, आपणही कुणासाठी काही करावंसं वाटतं. जोनाथन हाइट या मानसशास्त्रज्ञानं २००० साली या भावनेवर लिहिलं आहे. ती ऊब म्हणजे वसुली नव्हे. दुःख वेगळं रडून झाल्यावर तिला ती ओळखू आली.

गावातल्या शाळेच्या भिंतीवर गाडगेबाबांची दशसूत्री रंगवलेली आहे, हे तिनंच सांगितलं. “भुकेलेल्यांना अन्न” पासून ती सुरू होते आणि “दुःखी व निराशांना हिंमत” इथं संपते. मी विचारलं, “अन्न मिळालेल्यानं परत काय द्यायचं, ते कितव्या ओळीत आहे?” ती थोडं हसली. शेणगावच्या त्या माणसानं पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिकला धर्मशाळा बांधल्या. तिथं निजून गेलेल्या माणसांचा हिशेब कुणी ठेवला असेल?

असं ओझं तुमच्या मनावर असेल तर तुम्हालाही मी तेच विचारेन : त्या वेळी तुमच्याकडून समोरच्याला काय मिळालं? पटकन सापडत नाही. आठवायला वेळ द्या, शक्य असेल तर कुणाजवळ मोठ्यानं आठवा.

त्या दिवशी जाताना वही तिच्या पिशवीतच होती. ती टाकून द्या असं मी म्हटलं नाही, कपाशीचा हिशेब त्यातच होता.

फेब्रुवारीत ती नंबर न लावता दारात डोकावली. नवरा बाहेर गाडीवर थांबलेला.

“बसत नाही म्याडम, तूर काढाची हाय. सांगाले आली, वाकय धुतली. आंगणात वायत घातली हाय.”