फायटर मासा सारखा हीटरच्या मागे लपतो, किल्ल्यात जातच नाही, टाकीत लपायला काय ठेवू?

तुम्ही म्हणताय २० लिटरची टाकी आहे, तळाला प्लॅस्टिकचा किल्ला ठेवलाय आणि फायटर तिकडे ढुंकूनही बघत नाही. आधी तो किल्ला काढा. बेटा, म्हणजे हाच फायटर मासा, कल्ल्यांसोबत वरची हवाही घेतो, त्याला लॅबिरिंथ नावाचा वेगळा अवयव असतो, म्हणून सारखं वर यावंच लागतं. मूळचा थायलंडकडचा, भातखाचरं आणि गवताने भरलेल्या उथळ, संथ पाण्यातला, म्हणजे डोक्यावर पानं आणि पानांच्या वर लगेच हवा अशी त्याची सवय. तुमच्या टाकीत तशी अर्धवट आडोशाची जागा बहुतेक हीटरमागेच असणार म्हणून तो तिथे बसतो. तळाच्या किल्ल्यात बसून त्याने करायचं काय, वर श्वासाला परत यायचंच आहे. त्यात त्या किल्ल्यांच्या खिडक्यांना धारदार कडा असतात, शेपटी फाटते, आणि स्वस्तातला रंग पाण्यात सुटतो ते वेगळंच.

तर लपायची जागा वरच्या भागात करा. सगळ्यात सोपं म्हणजे मनी प्लांट, फांदी टाकीच्या काठाला अडकवा, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. मुळं वाढली की त्यांचं जाळं होतं आणि बेटा त्यात मस्त पडून राहतो. तरंगणारं पिस्टिया किंवा साल्विनिया पण चालेल, फक्त अख्खी टाकी झाकू देऊ नका, श्वासाला मोकळी जागा लागते. तळ्यातून किंवा नदीतून उचलून मात्र आणू नका, चतुराच्या अळ्या सोबत येतात आणि त्या मासे खातात.

अनुबियास या पाणवनस्पतीची रुंद पानं पृष्ठभागापासून दोन-तीन बोटं खाली येतील अशी लावा, बेटा रात्री त्या पानावर आडवा होतो, बाजेवर पडल्यासारखा. त्याचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं, दगडाला दोऱ्याने बांधायचं. प्लॅस्टिकची झाडं नकोच, खोटी झाडं अगदीच ठेवायची तर कापडी घ्या. परीक्षा अशी की जुना नायलॉनचा मोजा त्यावरून फिरवायचा, धागा अडकला तर पंखही फाटणार.

खाली काही हवंच असेल तर नारळाची करवंटी, शेंड्या आणि खोबरं पूर्ण खरवडून, उकळून, पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत भिजवून. किंवा संक्रांतीचं कोरं, रंग न दिलेलं सुगड आडवं ठेवा. कुंडी ठेवलीत तर तळाचं भोक बुजवा, मासा त्यात डोकं घालतो आणि अडकतो. शंख-शिंपले, संगमरवराचे तुकडे नकोत, पाणी जड होतं.

देशी बदामाची झाडावरून आपोआप गळलेली वाळकी पानं मिळाली तर सोनं. धुऊन एखादं टाकायचं, आधी तरंगतं तेव्हा वरून आडोसा, मग बुडतं तेव्हा खालून. पाणी चहासारखं होईल, घाबरू नका, बेटाला ते आवडतं. फवारणी होते तिथली आणि गजबजलेल्या रस्त्याकडेची पानं नकोत.

एक शंका लोकांना असते की इतका आडोसा केला तर मासा दिसणारच नाही. उलट होतं, पटकन लपता येतं हे कळलं की तोच समोर येऊन फिरतो. हीटर मात्र काचेपासून इतका लांब ठेवा की मागे अडकणार नाही, किंवा गार्ड लावा, चटका बसतो. आणि फिल्टरचा झोत बघा, जोरात असेल तर लांब शेपटीचा बेटा दमून कोपरा धरतो, मग कितीही झाडं लावा. आउटलेट काचेकडे वळवा नाहीतर पुढे स्पंज लावा.

हे सगळं करूनही पंख मिटून बसलाय, खात नाहीये, तर प्रश्न लपण्याचा नाही. तापमान २४ ते २८ मध्ये आहे का आणि अमोनिया (माशाच्या घाणीतून पाण्यात साठणारं विष) शून्य आहे का ते टेस्ट किटने आजच बघा. नवीन टाकीत तेच निघतं बहुतेकदा.