कामगारांच्या समाधानासाठी आधी काय करावे?

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत आमचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना असून तेथे 60 कामगार आहेत. अनुभवी ऑपरेटर एकामागून एक सोडून जात आहेत. पगारवाढ, नवे कॅन्टीन, प्रशिक्षण, 'उत्कृष्ट कामगार' पुरस्कार असे उपाय आम्हाला सुचवले जातात. सर्व एकदम परवडणारे नाहीत. क्रम कसा लावावा?
— एक वाचक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : जे कामगारांच्या हक्काचेच आहे, ते आधी या यादीबाहेर काढा. पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार, जादा कामाचा दुप्पट दराने मोबदला, पिण्याचे स्वच्छ पाणी, यंत्रांच्या फिरत्या भागांवर संरक्षक आवरण, हे सारे कायद्याने बंधनकारक असल्यामुळे त्यात मागेपुढे करण्याची मुभा मालकाला नाही.

उरलेल्या उपायांसाठी फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1959 मध्ये केलेली मांडणी उपयोगी पडते. पगार, देखरेखीची पद्धत, कामाच्या जागेची स्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, मात्र त्या सुधारल्याने केवळ नाराजी दूर होते. कामाविषयी ओढ वाटते ती जबाबदारी, दखल आणि काम चांगले जमल्याच्या जाणिवेतून. या मांडणीवर पुढे आक्षेप घेतले गेले, तरी आधी रोजचा जाच दूर करावा आणि मग कामाची गोडी वाढवावी, हा क्रम मला योग्य वाटतो.

मुंबईत हा जाच बहुधा पाळीच्या वेळापत्रकात सापडतो. विरार किंवा बदलापूरहून येणाऱ्या कामगाराला उद्याची पाळी आज संध्याकाळी कळत असेल, तर त्याच्या घरातले कोणतेच काम ठरवून होत नाही. महिनाभराचे वेळापत्रक आधी लावणे, रात्रीची पाळी लोकलच्या वेळा पाहून पंधरा मिनिटे अलीकडे संपवणे, यांना फारसा खर्च येत नाही. म्हणून मी ते पगारवाढीच्याही आधी ठेवीन, अर्थात आपला पगार आसपासच्या कारखान्यांपेक्षा कमी नसेल तरच. त्यानंतर सुपरवायझरकडे पाहा. सर्वांसमोर अपमान करणारा सुपरवायझर बाकीच्या सगळ्या उपायांवर पाणी फिरवतो, आणि त्याला केवळ समज देऊन भागत नाही, माणसांशी वागण्याचे प्रशिक्षण द्यावे लागते.

मग कामाकडे वळा. जॉब, म्हणजे यंत्रावर तयार होणारा भाग, सदोष निघत असल्यास यंत्र थांबवण्याचा अधिकार ऑपरेटरला द्या आणि हेल्परला सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर चालणारे यंत्र) शिकण्याची वाट मोकळी करा. पुरस्कार शेवटी ठेवा, कारण तो एकाला मिळतो आणि 59 जण पाहत राहतात.

हा क्रम पक्का करण्यापूर्वी कामगारांना नाव न लिहिता आपापल्या तीन अडचणी मांडू द्या. कंत्राटी कामगारांनाही त्यात घ्या, आणि लिहिणे अवघड जाणाऱ्यांशी सुपरवायझरच्या अनुपस्थितीत स्वतः बोला.