एम.एड.च्या लघुशोधनिबंधासाठी ४०० विद्यार्थ्यांचा न्यादर्श (म्हणजे सॅम्पल) पुरेसा आहे का?

तुमचा प्रश्न असा की आठवीच्या मुलांवर अभ्यास करायचाय, गाईड म्हणतात क्रेजसी-मॉर्गनच्या, म्हणजे न्यादर्श किती घ्यायचा ते सांगणाऱ्या, तक्त्यात ३८४ येतात म्हणून राउंड फिगर ४०० घ्या, तर ४०० पुरतील का, आणि विश्लेषण एक्सेलमध्ये केलं तर चालेल की एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअरच लागतं. पुरतील की नाही हे तुम्ही शाळा किती घेताय त्यावर आहे, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाहीये. कुणीच लिहीत नाही. म्हणून तर उत्तर लिहायला बसले, नाहीतर समोर घटक चाचणीचा गठ्ठा पडलाय.

आधी ते ३८४. १.९६ चा वर्ग गुणिले ०.२५, भागिले ०.०५ चा वर्ग. बास, एवढंच आहे ते. म्हणजे तुम्हाला कशाची तरी टक्केवारी काढायचीय, ती ५ टक्के इकडेतिकडे झाली तर चालणारे, ९५ टक्के खात्री हवीये, आणि प्रत्येक पोरगं अख्ख्या यादीतून सुटं सुटं चिठ्ठी टाकून उचललंय. ही शेवटची अट कुणी वाचत नाही. १९७० सालचा तक्ता, दोन गटांच्या सरासऱ्यांची तुलना करायला तो बनवलेलाच नाही, तरी आपल्याकडे सगळ्या विषयांना तोच.

माझं एम.एड. नोकरी करता करता झालं. विषय होता सेमी आणि मराठी माध्यमाच्या आठवीच्या मुलांची गणितातली संपादणूक, म्हणजे चाचणीतले गुण. मी खटाव तालुक्यातली, माझा प्लॅन होता खटाव-माण मिळून ४० शाळा, प्रत्येकीत १० मुलं, मायणीपासून पार म्हसवडपर्यंत, एसटी जाते तिथं एसटी आणि नाही तिथं आमच्या ह्यांची मोटरसायकल. गाईडनी आराखडा बघितला आणि म्हणाले, मॅडम, एवढं फिरायची गरजच नाही, रस्त्यावरच्या चार शाळा घ्या, प्रत्येकी शंभर, चारशे झाले, न्यादर्श मोठा असला की त्रुटी कमी. मी म्हटलं, सर, पण शाळा चारच होतात. तर म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा करतात, मॅडम. मी म्हटलं, सर, इथं पातेली वेगवेगळी आहेत, एकाच पातेल्यातली शंभर शितं चाखून बाकीच्या पातेल्यांचं काय कळणार? वर्ग हसला, सर नाही हसले. त्यानंतर प्रत्येक प्रकरणावर सही मिळायला जो वेळ लागायचा तो लागायचा.

तर झाल्या चार शाळा, दोन सेमीच्या, दोन मराठीच्या. दोन गटांच्या सरासऱ्यांतला फरक तपासायचं टी-मूल्य काढलं, ०.०१ स्तरावर सार्थक, म्हणजे खरा फरक नसताना निव्वळ योगायोगानं एवढा फरक दिसायची शक्यता शंभरात एकाहून कमी. शून्य परिकल्पनेचा ('फरक नाही' या गृहीताचा) त्याग, 'वरील तक्त्यावरून असे दिसून येते की सेमी माध्यमाच्या विद्यार्थ्यांची संपादणूक अधिक आहे', सगळं रीतसर. पण मी घरी बसून चारही शाळांच्या सरासऱ्या वेगळ्या काढल्या. तीन शाळा जवळपास सारख्या, एक मराठी तर दुसऱ्या सेमीच्या किंचित वरच. चौथी, म्हणजे सेमीतली एक, एकदम उंच. तिथले गणिताचे सर जूनपासून रोज सकाळी शाळेआधी स्कॉलरशिपचा जादा तास घेत होते, पोरं डबा घेऊन यायची. म्हणजे माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष खरा काय होता, तर एक माणूस लवकर उठतो. ती शाळा काढली की फरक गायब. मी म्हटलं हे चर्चेत लिहिते, तर सर म्हणाले, सार्थक आलंय ना, मग आता कशाला उकरून काढता? तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले त्यांनी विचारलं की संदर्भसूची अकारविल्हे का नाही. तो प्रबंध अजून ग्रंथालयात आहे आणि कुणीतरी तो 'संबंधित संशोधनाचा आढावा'मध्ये घातला असणार, मला खात्री आहे.

आता आकड्यांत बोलू, कारण त्या वेळी मला कुणी बोलू दिलं नाही. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, तेच शिक्षक, तीच वस्ती, तेच क्लास. हे सारखेपण ० ते १ मध्ये मोजतात, शाळेच्या गुणांमध्ये ते ०.२ वगैरे निघणं काही विशेष नाही. शाळेमागे जितकी मुलं घेता त्यातून एक वजा करा, ०.२ ने गुणा, एक मिळवा. शंभर मुलांना हे येतं २०.८. चारशेला त्यानं भागा. १९. माझी चारशे पोरं म्हणजे प्रत्यक्षात १९ सुट्या पोरांइतकी माहिती. आणि ४० शाळांत दहा-दहा घेतली असती तर? आकडा २.८, म्हणजे १४३. कागद तेवढेच, झेरॉक्सचा खर्च तेवढाच. त्यातही माध्यम हे शाळेचं असतं, पोराचं नाही, त्यामुळे तुलना खरंतर चार शाळांची होती. स्वाधीनता मात्रा (सुटे घटक किती, त्यातून गट दोन म्हणून दोन वजा) ३९८ धरली होती, ती हवी होती २. आणि २ ला ०.०५ वर सार्थक यायला टी ४.३० च्या पुढे लागतो, ०.०१ ला तर ९.९२. माझा कुठला यायला.

मोठा आकडा बघून भुलणारे सगळीकडे असतात म्हणा. १९३० साली स्कॉटलंडात लॅनार्कशायरला शाळेतल्या २०,००० मुलांवर दुधाचा प्रयोग केला, ६७ शाळा, १०,००० मुलांना चार महिने रोज पाऊण पाइंट दूध आणि बाकीच्या १०,००० ना नाही. निवड आधी चिठ्ठ्या टाकून किंवा आडनावाच्या अक्षरावरून, पण शिक्षकांना मुभा होती की गट अगदीच असमान वाटले तर मुलं बदला. झालं, गुरुजींना दया आली, बारकी गरीब पोरं दुधाच्या गटात गेली असावीत, कारण बिनदुधाचा गट सुरुवातीलाच वजनाला आणि उंचीला जास्त निघाला. वजनं कपड्यांसकट, एकदा फेब्रुवारीत, एकदा जूनमध्ये, म्हणजे ज्यांच्या अंगावर थंडीत भारी कपडे त्यांचं वजन उन्हाळ्यात आपोआप कमी भरणार. 'स्टुडंट' नावानं लिहिणाऱ्या गॉसेट या संख्याशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये हे सगळं उसवून दाखवलं आणि म्हटलं की यापेक्षा एकसारख्या जुळ्यांच्या ५० जोड्या घेतल्या असत्या तर जास्त भरवशाचं उत्तर मिळालं असतं. गाईडना सांगा, तुम्ही जो टी लावायला सांगताय तो याच माणसाचा.

आणि उलटं उदाहरण हवं असेल तर प्रथम संस्थेचं 'असर' बघा, मुलांना वाचता येतं का, गणित येतं का ते घरोघरी जाऊन तपासणारं सर्वेक्षण, जिल्ह्यात ३० गावं, गावात २० घरं. तीन गावांत दोनशे-दोनशे घरं केली असती तरी ६०० च झाली असती आणि पेट्रोल वाचलं असतं. नाही केलं तसं, कारण त्यांना कळतं.

तर तुम्ही शाळा वाढवा, शाळेमागे मुलं कमी करा. शाळांची यादी पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून घ्या आणि खरोखर चिठ्ठ्या टाका. 'लॉटरी पद्धतीने निवड करण्यात आली' असं लिहून ज्या मुख्याध्यापकांची ओळख आहे तीच शाळा लॉटरीत निघते, हे सगळ्या परीक्षकांना माहीत असतं. गाईड ऐकत नसतील तर निदान मर्यादांमध्ये शाळा किती होत्या ते स्पष्ट लिहा आणि प्रत्येक शाळेची सरासरी परिशिष्टात द्या, त्याला ते सहसा नाही म्हणत नाहीत.

हां, कृतिसंशोधन करत असाल, आपल्याच वर्गापुरतं, तर यातलं काही लागू नाही, वर्ग हीच तुमची जनसंख्या. अभिवृत्ती मापिका (मुलांचा कल मोजणारी प्रश्नावली) वगैरे असेल तर सारखेपण ०.२ पेक्षा बरंच कमी असू शकतं, मग नुकसानही कमी. आणि न्यादर्श कितीही चांगला असला तरी मोजणीतली चूक त्यानं जात नाही. आमच्या खटाव तालुक्यातल्या बुधचे पां. वा. सुखात्मे, मोठे संख्याशास्त्रज्ञ, त्यांनी पीक कापणीच्या सर्वेक्षणात महालनोबिसांसारख्या संख्याशास्त्रज्ञांशी वाद घातला तो यावरच, की मोजायला शेताचा तुकडा फार लहान घेतला की कडेची रोपं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं, मग असे तुकडे कितीही वाढवा. चाचणी चालू असताना बाकांमधून फिरत 'अरे परत बघ जरा' म्हणणारे वर्गशिक्षक तेच करतात, तेव्हा चाचणी स्वतः घ्या.

एक्सेलचं राहिलंच. चालतं. शाळांच्या सरासऱ्या काढा आणि टी त्या सरासऱ्यांवर लावा, मुलांवर नाही, त्याला एक्सेल भरपूर झालं. एसपीएसएसची क्रॅक कॉपी मागत फिरू नका, जामोवी हे तसलंच सॉफ्टवेअर फुकट मिळतं.