काउंटरवरची वही आणि ८९१.४६

बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) करून बडोद्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयात अकरा महिन्यांच्या करारावर लागलात, पण दिवसभर नुसती देवघेव करावी लागते आणि शिकलेलं वाया जातंय, असं तुम्ही लिहिलंय. काउंटर सोडायची घाई करू नका. कोण काय मागून रिकाम्या हाताने गेलं, हे तिथेच कळतं. वही घाला: तारीख, काय मागितलं, कोणत्या भाषेत, का मिळालं नाही. ‘नव्हतं’, ‘बाहेर गेलं होतं’ आणि ‘होतं पण सापडलं नाही’ ही कारणं वेगवेगळी लिहा. पहिल्याला खरेदी हवी, दुसऱ्याला जादा प्रत; तिसऱ्याला पैसाही लागत नाही. वही ग्रंथपालांना खरेदीची यादी ठरण्याआधी दाखवा. नंतर दाखवलीत तर ती तक्रार वाटते.

तुमचं खरं भांडवल त्या तिसऱ्या कारणात आहे. मराठी आणि गुजराती दोन्ही लिपी सहज वाचणारा माणूस तालिकेच्या (पुस्तकांच्या सूचीच्या) कामाला मिळणं सोपं नाही. ड्युई या विषयवार वर्गीकरणाच्या आकड्यांत मराठी साहित्य ८९१.४६, गुजराती ८९१.४७; एक आकडा चुकला की मराठी कादंबरी गुजराती कपाटात जाऊन बसते आणि ‘हरवली’ म्हणून नोंदली जाते. दुसरा घोळ टंकनाचा. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या नोंदी तशाच कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या की अक्षरांचा कचरा होतो. युनिकोडमध्येही ‘ॲ’ हे एकच अक्षर कुणी टाइप करतं, कुणी ‘अ’ला वर चंद्र जोडतं, दिसायला सारखं, पण शोधताना जुळेलच असं नाही. एक रूप ठरवून घ्या. संगणकातल्या नोंदीच्या १०० या टॅगमध्ये (ठरलेल्या रकान्यात) लेखकाचं नाव कायम एकाच पद्धतीने (आडनाव आधी), आणि २४६मध्ये शीर्षकाचं गुजराती किंवा रोमन रूप. रोज दहा नोंदी सुधारल्यात तर २५० दिवसांत अडीच हजार होतात. मात्र आधी परवानगी आणि डेटाचा बॅकअप, मगच हात लावा.

एखाद्या विभागाचा ताबा देऊ लागले तर दाखल नोंदवहीशी (आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात ती वही) पडताळल्याशिवाय सही करू नका. केंद्राच्या २०१७च्या वित्तीय नियमांत वर्षभरात देवघेव झालेल्या किंवा वाचनासाठी घेतलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच गहाळ होणं वाजवी धरलंय, पण हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकाची चौकशी होतेच. तुमच्या ग्रंथालयाला कोणता नियम लागतो, तो लेखी मागा.

ग्रंथालयाबाहेर पुस्तकं नेण्याच्या कामाला बडोद्यात दाखला शोधावा लागत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१०मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावलं आणि राज्यात फिरत्या ग्रंथपेट्या गावोगाव गेल्या. तीसेक मराठी पुस्तकांची एक पेटी दांडिया बाजारातल्या ज्येष्ठांच्या मंडळात महिनाभर ठेवायचा प्रस्ताव द्या. दिवाळी अंक निघतात तेव्हाच दिलात तर मागणी दाखवायला सोपं जाईल. पेटी परत आली की कोणती पुस्तकं एकदाही उघडली गेली नाहीत तेही लिहून ठेवा. एम.लिब.ला प्रवेश घ्यायचा असेल तर नोकरीच्या वेळेत वर्गाला सुटी मिळणार का, ते कराराच्या नूतनीकरणाआधी विचारा.